ऐकू आलं तर रुमाल

मामा रविवारी जेवायला येतोय, असं नीवेसने सांगितलं तेव्हा एन्कार्ना हरभरे निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"कोणाकडे?"

"आपल्याकडे, आई. तुझा भाऊ आणखी कोणाकडे जेवणार?"

"इतकी वर्षं जिथे जेवत होता, तिथे जेवेल."

नीवेस तिची एकुलती एक लेक. लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि आईच्या आवाजाला दबणाऱ्यांपैकी नव्हती. मामा फाटकात भेटला, मिठी मारली, मी बोलावून मोकळी झाले, मामीही येणार आहे, असं तिने एका दमात सांगून टाकलं. एन्कार्नाने हरभरे पाण्यात टाकले. पण थोड्या वेळाने तिने आणखी दोन मुठी टाकल्या, हे नीवेसने पाहिलं आणि ती निघून गेली.

फाटक त्याच आठवड्यात उघडलं होतं. तेरा वर्षांपूर्वी माद्रिदच्या जनरलला लंडनवर राग काढायचा होता. लंडन लांब पडतं, म्हणून त्याने तो आमच्या सीमेवरच्या ला लीनेआ गावावर काढला. जिब्राल्टरचा खडक इंग्रजांनी सोडावा म्हणून त्याने फाटकाला कुलूप घातलं, बोट बंद केली, टेलिफोनच्या तारा तोडल्या. इंग्रजांनी खडक सोडला नाही. कडक शब्दांत नाराजी कळवली आणि ते चहा प्यायला गेले. अर्धं गाव ज्या गोदीत कामाला जायचं, ती गोदी एका दिवसात परदेश झाली. एन्कार्नाचा नवरा एलादिओ तिथे क्रेन चालवायचा. त्याच्या जागेवर मोरोक्कोहून आणलेला माणूस बसला आणि एलादिओ जर्मनीत मोटारींच्या कारखान्यात गेला. उजव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून परत आला. गल्लीतली घरंच्या घरं बार्सिलोनाला गेली, लंडनच्या हॉटेलांत भांडी घासायला गेली. ज्यांनी हे केलं त्यांच्यापैकी एकाचंही घर फुटलं नाही.

आता जनरल मेला होता, माद्रिदमध्ये नवं सरकार आलं होतं आणि त्याने मेहरबानी केली होती. चालत या, चालत जा, दिवसातून एकदाच, हातात सामान नको. बँड वाजला, म्हातारे गळ्यात पडून रडले. एन्कार्ना बघायलाही गेली नाही. तिला फाटकाजवळच्या त्या जाळीची सगळी ओळख होती.

कारण सुरुवातीची चार वर्षं तीही इतरांसारखी दर रविवारी तिथे जायची. दोन जाळ्या, मधे मोकळी जमीन, इकडे आम्ही, तिकडे आमचेच. एकमेकांना जे सांगायचं ते ओरडून सांगायचं. बारसं, मोडलेलं लग्न, मूळव्याधीचं ऑपरेशन, सगळं गावासमोर. त्यात पूर्वेचा लेवान्ते वारा सुटला की अर्धे शब्द समुद्रात. म्हणून आपोआप एक रीत पडली. प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायची. ऐकू आलं नाही तर पलीकडच्याने हात कानाला लावायचा, ऐकू आलं तर रुमाल वर करायचा. रुमाल दिसला की माणूस निश्चिंत घरी जायचा.

आई आजारी पडली त्या फेब्रुवारीत एन्कार्ना मधल्या वारी जाळीशी गेली, गोदीतून सुटणाऱ्या कोणाला तरी हाक मारून तिने पलीकडे राहणाऱ्या भावाला, होरासिओला, बोलावून घेतलं आणि तीनदा ओरडून सांगितलं, "आई जातेय. तुला बोलावतेय. टँजिअरवरून ये." समुद्र ओलांडून आफ्रिकेत जायचं आणि तिथून दुसऱ्या बोटीने परत स्पेनमध्ये यायचं, घर दिसत असताना हाच एक रस्ता उरला होता. होरासिओने रुमाल वर केला होता. चांगला उंच, हात ताणून.

तो आला नाही.

रविवारी दारात उभा राहिला तो होरासिओ म्हातारा दिसत होता. जाळीपलीकडून माणसाचे केस किती गेलेत ते कळत नाही. काळा कोट, इस्त्रीची पँट, हात रिकामे. त्याच्या मागे त्याची बायको मारिओला, आणि तिचा कोट पोटाशी विचित्र फुगलेला. एलादिओने दोघांना आत घेतलं. मारिओलाने कोटाची बटणं काढली आणि आतून कापडात गुंडाळलेलं ताट काढलं. हरभऱ्याच्या पिठाची कालेन्तिता, अजून कोमट.

"सामान आणायचं नाही म्हणतात. मी पहाऱ्यावरच्या पोराला म्हटलं, मला सहावा लागलाय," ती म्हणाली.

"या वयात?" एलादिओ म्हणाला.

"तोही असंच म्हणाला. मग हसायला लागला आणि सोडलं."

नीवेस हसली, एलादिओ हसला. एन्कार्नाने ताट घेतलं आणि टेबलाच्या अगदी टोकाला ठेवलं, जिथे कोणाचा हात पोचणार नाही.

जेवण सुरू झालं ते भांड्यांच्या आवाजावर. हरभऱ्यांचा रस्सा, पुचेरो, छान झाला होता आणि छान झालाय असं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. मारिओलाला हे असं होणार ते ठाऊक होतं. रात्रभर ती नवऱ्याला सांगत होती की आधी हवापाण्याचं बोल, नीवेसच्या बाळाचं विचार, लगेच आईचा विषय काढू नकोस. पण होरासिओला तेवढा धीर कधीच नव्हता. रस्सा अर्धा असतानाच त्याने चमचा खाली ठेवला.

"एन्कार्ना, मला आईच्या कोनाड्याची किल्ली हवी आहे."

आमच्या दफनभूमीत माणसं भिंतीतल्या कोनाड्यात असतात. कोनाड्याला दगडी पाटी, पाटीपुढे काचेचं दार आणि दाराला एवढीशी किल्ली, जी घरातलं कोणीतरी एकजण सांभाळतं. एन्कार्नाने ती एप्रनच्या खिशात ठेवली होती. सकाळपासून तिने दोनदा चाचपून पाहिली होती.

"बघायला किल्ली लागत नाही. काच आहे, बाहेरून दिसतं," ती म्हणाली.

"तेरा वर्षं सगळं बाहेरूनच बघतोय. मला पाटीला हात लावायचाय."

"हात लावायची वेळ होती तेव्हा तुझा हात रुमाल हलवत होता."

मारिओलाने लगेच मधे तोंड घातलं. हे ती तयार करूनच आली होती. त्या दिवशी लेवान्ते होता, तिने सांगितलं, समुद्र खवळलेला, त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. सगळेच असं करायचे. तासभर कान फुटेपर्यंत उभं राहून कंटाळायचे, बहिणीला वाईट वाटू नये म्हणून रुमाल हलवायचे आणि घरी जायचे. मीही माझ्या मावशीला केलंय. ती मेली हे मला दोन आठवड्यांनी कळलं. पत्रं लंडनवरून फिरून येत होती तेव्हा. कोणाकोणाला दोष देणार?

एलादिओने पावाचा तुकडा मोडला. खरंतर त्याला मेव्हण्यावर दात ठेवायला त्याची स्वतःची कारणं होती आणि तो ती विसरला नव्हता.

"वारा होता, मान्य," तो म्हणाला. "पण या टेबलावर वारा नव्हता, होरासिओ. खडक इंग्रजांचा की स्पेनचा यावर तुमचं मतदान झालं त्या वर्षी तू इथेच बसून पासपोर्ट आपटला होतास. आठवतं? घराचा सज्जा लाल, पांढरा, निळा रंगवला होतास. या एका पुस्तकावर मी जगात कुठेही जाईन, म्हणालास. मी तेव्हा तुझ्याच गोदीत अर्ध्या पगारावर क्रेन ओढत होतो, कारण माझ्याकडे ते पुस्तक नव्हतं."

"आठवतं."

"आता ऐकतो की लंडनने तुमचीही गोदी बंद करायची ठरवलीय. पत्र आलं का तुलाही? की माझ्यासारखं रेडिओवर कळलं?"

"रेडिओवर," होरासिओ म्हणाला.

"मग ये आता आमच्यात. जर्मनीचा पत्ता देतो."

"बाबा, पुरे," नीवेस म्हणाली.

"तू गप्प बस," एन्कार्ना म्हणाली. "याने तुझ्या आजीला दाराकडे बघत मरायला लावलं. तुझ्या लग्नात याचं नाव निघू नये म्हणून मी काय काय केलं, ते मला माहीत."

नीवेसने हातातला ग्लास खाली ठेवला. मारिओलाने तिच्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. पण मुलगी आईचीच होती.

"लग्नाच्या दिवशी मी जाळीशी गेले होते, आई. पांढऱ्या कपड्यांत. चर्चमधून निघाल्यावर. तुला सांगितलं, गाडी बंद पडली. गाडी बंद नव्हती पडली. मामा तिकडे उभा होता. मी गोल फिरून दाखवलं. बाळ झालं तेव्हाही उचलून दाखवलं."

एन्कार्नाने नवऱ्याकडे पाहिलं. एलादिओ रश्शात बघत होता. गाडी त्यानेच चालवली होती.

म्हणजे घरातले सगळे. तिच्या पाठीमागे, तिच्याच घरात. एन्कार्ना उठून उभी राहिली आणि तिने भावाला विचारलं ते अगदी सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून.

"माझ्याकडे बघ. तुझी बायको म्हणते ऐकू आलं नाही. तू सांग. ऐकू आलं होतं की नाही?"

सुटकेचा रस्ता समोर होता. मारिओलाने तो साफ करून ठेवला होता. नाही म्हणून टाक, ती मनातल्या मनात म्हणत होती, वारा होता म्हण, सगळ्या गावाचा वारा होता.

"आलं होतं," होरासिओ म्हणाला. "सगळं. पहिल्याच हाकेला."

मारिओलाच्या हातून काटा ताटात पडला. हे तिलाही नवीन होतं.

मग त्याने सांगितलं. मान खाली घालून, टेबलावरच्या कापडाशी बोलत. त्याच दिवशी तो टँजिअरच्या बोटीत बसला. दुसऱ्या दिवशी तिथून अल्हेसिरासला, म्हणजे स्पेनला जाणाऱ्या बोटीवर चढायला गेला तर स्पॅनिश अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, कुठे काढलाय ते पाहिलं आणि परत दिला. जिब्राल्टर नावाचं सरकार आम्हाला माहीत नाही, म्हणाला, लंडनहून काढून आणा. होरासिओ इंग्रजांच्या कचेरीत गेला. तिथला साहेब फार सभ्य. खुर्ची दिली, चहा दिला. दोन सरकारांमधलं प्रकरण सध्या नाजूक आहे, म्हणाला, लंडनला विचारून बघतो, सोमवारी या.

"मी म्हटलं, साहेब, माझी आई जातेय. तो म्हणाला, पूर्ण सहानुभूती आहे. मी सोमवारपर्यंत धक्क्यावर बसलो. तिथून स्पेन दिसतो, एन्कार्ना. हवा स्वच्छ असली की आपला खडकही दिसतो. सोमवारी गेलो तर लंडनचं उत्तर आलं नव्हतं. परत आलो त्याच आठवड्यात तुझी तार लंडन फिरून आली."

मग मारिओला बोलली, आणि तिचा आवाज तिचाच वाटत नव्हता.

"तू मला सांगितलंस की नौदलाच्या बोटीची चाचणी आहे. समुद्रावर जातोय म्हणालास."

"हो."

"तुझ्या कोटात साखर सापडली होती मला. दोन खडे, कागदात गुंडाळलेले, त्यावर अरबी अक्षरं. मी तुला विचारलं नाही." तिने नॅपकिनची घडी केली, परत उलगडली. "मला वाटलं तुझी टँजिअरला बाई आहे. नऊ वर्षं, होरासिओ. नऊ वर्षं मी त्या साखरेवर तुझ्याकडे पाठ करून झोपले."

दुसरा कुठला दिवस असता तर एलादिओ या गोष्टीवर महिनाभर हसला असता.

एन्कार्ना मात्र दोन्ही हात टेबलावर टेकून उभी होती. तिला आईची खोली दिसत होती. आई दर थोड्या वेळाने डोळे उघडायची आणि विचारायची, होरासिओ कुठे आहे? आणि एन्कार्ना सांगायची, बोटीत आहे, आई. निघालाय. बोटीत आहे. शेवटच्या सकाळीही तेच. आईने ऐकलं, मान हलवली आणि मग परत विचारलं नाही. मरणाऱ्या आईशी आपण खोटं बोललो, हे एन्कार्नाने पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकून कितीदा कबूल केलं होतं. पाद्रीबाबा कंटाळून म्हणाले होते, देवाने माफ केलंय, आता दुसरं पाप सांग. पण तिने ते भावाच्या खात्यावर टाकलं होतं. त्याने मला खोटं बोलायला लावलं. त्याच्यामुळे मी तिला फसवलं.

आणि तो खरंच बोटीत होता.

तिने हे मोठ्याने सांगितलं तेव्हा होरासिओने पहिल्यांदा मान वर केली. त्याचा चेहरा असा झाला की नीवेसने नजर वळवली. पण एन्कार्नाचा राग कमी झाला नव्हता. उलट इतक्या वर्षांनी तिला रागाचा खरा पत्ता सापडला होता.

"का नाही सांगितलंस? जाळी होती ना? मी येत नव्हते, पण शेजारीण येत होती. तीनदा ओरडायचं होतंस. अख्ख्या गावाने मला आणून सांगितलं असतं."

"लाज वाटली."

"कसली?"

"याच टेबलावर आपटला होता मी तो पासपोर्ट," होरासिओ म्हणाला. "तेव्हा आईने विचारलं होतं, आणि इकडे यायला? मी हसलो होतो. म्हटलं, इकडे यायला काय पासपोर्ट लागतो? चालत येतो की दर रविवारी." त्याने घसा साफ केला. "मी म्हटलं, एन्कार्नाला मी दगड वाटलो तर वाटू दे. पण त्या पुस्तकावर मला माझ्या आईपर्यंत पोचता आलं नाही, हे जाळीवर उभं राहून कसं ओरडू? सगळ्या ला लीनेआसमोर? एलादिओसमोर?"

"माझ्यासमोर," एलादिओ म्हणाला. त्याने उरलेली तीन बोटं कपाळावर फिरवली. "मूर्खा, मी तुझ्याबरोबर रडलो असतो."

"तू नसतास रडला," एन्कार्ना म्हणाली. "तूही हसला असतास. आत्ताच हसत होतास." मग ती भावाकडे वळली. "माद्रिदवाले नालायक, कबूल. तुझे इंग्रज नालायक, कबूल. त्या दोघांनी मिळून आईला तुझ्याशिवाय ठेवलं. पण तू त्यांची इज्जत राखलीस, होरासिओ. तुझ्या पासपोर्टाची लाज झाकायला तू मला नऊ वर्षं खोटारडी ठेवलंस. मी तिला खरं सांगितलं होतं आणि ते मला माहीत नव्हतं. हे माझं होतं. ते तू दाबून ठेवलंस."

त्याचं उत्तर तिला नको होतं.

किल्ली आज मिळणार नाही, असं तिने सांगितलं. आज तू परत जाणार. पलीकडे गेल्यावर जुन्या जागी उभा राहणार आणि तेव्हा जे ओरडायला हवं होतंस ते ओरडणार. मी इकडे असेन. मला ऐकू आलं तर मी रुमाल वर करीन. रुमाल वर झाला तर उद्या सकाळी ये, आपण दोघं दफनभूमीत जाऊ. नाही झाला तर तुझ्या राणीकडे किल्ली माग.

"फाटक उघडं आहे आई, आता कोण ओरडतं?" नीवेस म्हणाली.

"हा ओरडेल."

कालेन्तिता कोणीच खाल्ली नव्हती. निघताना मारिओला ते ताट उचलायला गेली, तर एन्कार्नाने तिचा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली. "रात्री खाऊ." मारिओला नवऱ्याच्या पुढे दोन पावलं चालत राहिली, फाटकापर्यंत एकदाही मागे न बघता. त्या घरातलं भांडण आता कुठे सुरू होणार होतं.

संध्याकाळी फाटकाशी गर्दी होती. रविवारचे परतणारे, बघे, शेंगदाणे विकणारा, दोन्हीकडचे पहारेकरी. एलादिओ बायकोच्या शेजारी जाळीला टेकून उभा राहिला. कितीतरी वर्षांनी ती इथे आली होती आणि न चुकता त्याच खांबापाशी थांबली होती. वारा अजिबात नव्हता. पलीकडच्या कोणाचं खोकणंही ऐकू येत होतं.

होरासिओ पलीकडे पोचला, वळला आणि जाळीशी आला. लोक बघायला लागले. उघड्या फाटकाशेजारी जाळी धरून उभा राहिलेला माणूस आता विचित्रच दिसत होता. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एका पहारेकऱ्याने त्याला हाताने खूण केली, अरे, जायचं असेल तर फाटकातून जा. होरासिओने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"मी आलो होतो," तो ओरडला. आवाज फाटला. "टँजिअरपर्यंत आलो होतो. इंग्रजी पासपोर्टावर मला येऊ दिलं नाही. एन्कार्ना, मी बोटीत होतो!"

शेंगदाणेवाला थांबला. रांगेतल्या एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला. काय झालं असेल ते या गावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

एलादिओने बायकोकडे पाहिलं. तिच्या डाव्या मुठीत रुमाल होता. उजव्या मुठीत घरून निघतानाच घेतलेली कोनाड्याची किल्ली होती, इतकी आवळून धरलेली की बोटं पांढरी पडली होती. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

तिने रुमालाचा हात वर नेला. कानाला लावला.

"ऐकू नाही आलं," एन्कार्ना ओरडली. "पुन्हा."